काठावरचं पान

सेंद्रिय शेतीच्या अनुदान कार्यालयात नमुने गोळा करणारे सहाजण होते. त्यातल्या पाचजणांना शेतकरी आग्रह करकरून चहा पाजत, आणि सहावा दिसला की दुरूनच कपाळाला हात लावत. त्या सहाव्याला सगळे ‘काठवाले’ म्हणत. शेतकरी तर म्हणतच, पण ऑफिसातला शिपाईसुद्धा म्हणे, आणि घरी भांडण झालं की बायकोही म्हणे.

नाव पडलं ते कामाच्या पद्धतीवरून. अनुदानाचा नियम तसा सोपा होता. सलग तीन वर्षं शेतात रासायनिक खत नाही, औषध नाही. दरवर्षी पानांचा नमुना प्रयोगशाळेत जायचा. तिन्ही वर्षं तो स्वच्छ निघाला की अनुदान सुरू. पण एकदा जरी पानावर विष सापडलं की मागचं सगळं पुसलं, मोजणी परत शून्यापासून. आता एवढा कडक नियम करणाऱ्यांनी पानं शेतात कुठून तोडायची हे मात्र लिहिलंच नव्हतं. मग बाकीचे पाचजण बांधावरून चार पावलं आत जात, हाताला येतील ती पानं तोडत आणि सावलीत बसून फॉर्म भरत. काठवाले तसं करत नसत. ते आधी सगळ्या शेतातून एक फेरी मारत, ओळीओळीतून, पिकाला मांड्या घासत. आणि दुसऱ्या फेरीला, जिथून चालले तिथलीच, शक्यतो काठाच्या ओळीतली पानं कापत. “फवारणारा मध्ये सांभाळून फवारतो,” ते म्हणत. “काठावर त्याचा हात सुटतो.”

एका शेताहून दुसऱ्या शेतावर जाताना त्यांची कात्री तीनदा धुतली जाई: साबणानं, साध्या पाण्यानं आणि शेवटी स्पिरिटनं. हातमोजे दर शेताला नवे. ऑफिसानं काटकसर म्हणून मोजे देणं बंद केलं, तेव्हा त्यांनी पदरचे घेतले, आणि वर त्या काटकसरीबद्दल साहेबांना तीन पानी पत्र लिहिलं. न धुतलेली कात्री वापरून एका सहकाऱ्यानं नमुने घेतले होते, तर त्यांनीच आकाशपाताळ एक करून नवा नियम करायला लावला: नमुना घेणाऱ्याच्या साहित्याला विष लागलेलं आढळलं तर त्याचे त्या दिवसाचे सगळे नमुने रद्द. अठरा वर्षांत त्यांनी नाकावर माशी बसू दिली नव्हती. खोटं बोलणाऱ्या शेतकऱ्याची त्यांना इतकी चीड होती की खरं बोलणाराही त्यांना खोटाच वाटे. हा दोष होता, पण तो त्यांना कोण सांगणार?

त्यांचा एक किस्सा घरी आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकावा लागे. सात वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याचा नमुना तिसऱ्या वर्षी नापास झाला. म्हातारा ऑफिसात आला, टेबलाला धरून उभा राहिला आणि जीव तोडून सांगू लागला, की साहेब, माझ्या घरात फवारणीचा पंपच नाही हो, मी कशानं फवारणार? इथे काठवाले थांबत, चहाचा घोट घेत आणि म्हणत, “मी म्हटलं, आजोबा, पंप शेजाऱ्याकडे असतो!” पाहुणे हसत. बायकोनं हा किस्सा इतक्यांदा ऐकला होता की ‘पंप’ शब्द आला की ती उठून आत जाई.

तर त्या मंगळवारी काठवाल्यांच्या यादीत दोन शेतं होती. पहिलं गॉगलचं. हा माणूस मक्याच्या शेतातसुद्धा काळा गॉगल लावून फिरे, म्हणून त्याचं हे नाव. कार्यालयाच्या भिंतीवर त्याचा हसरा फोटो होता, खाली ‘आदर्श सेंद्रिय शेतकरी’. काठवाले त्याला तीन वर्षं पाण्यात पाहत होते, पण त्याचं नाव असलेली यादी दुसऱ्याच्या हातात असे. त्या दिवशी ती पहिल्यांदाच त्यांच्या हातात आली आणि ते न कळवता, कोवळ्या उन्हातच जाऊन थडकले. मका कमरेएवढा होता. मधलं तण ओलं होतं. दव म्हणावं तर शेजारची शेतं कोरडी. काठवाल्यांनी वाकून वास घेतला आणि त्यांची छाती आनंदानं भरून आली. तणनाशक! आजच सकाळी मारलेलं! ते त्या गुडघाभर ओल्या तणातून हिंडले, या काठापासून त्या काठापर्यंत, आणि शिकार साधल्याच्या थाटात पानं कापून पिशव्या सीलबंद केल्या. गॉगल धावतपळत आला तोवर काम झालं होतं.

“अहो, कळवायचं तरी, चहा टाकला असता,” गॉगल म्हणाला.

“घरून पिऊन आलोय,” काठवाले म्हणाले.

कात्री तीनदा धुतली, मोजे बदलले आणि तसेच पायी निघाले नर्सबाईंच्या शेताकडे. ते होतं ओढ्यापलीकडे, पंधरा मिनिटांवर.

नर्सबाईंनी तीस वर्षं मोठ्या दवाखान्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांच्या वाटणीचं शेत हातात घेतलं, घेवडा लावला, आणि शेताचाही वॉर्ड करून टाकला. अवजारं धुऊन ओळीनं टांगलेली. कंपोस्टच्या प्रत्येक खड्ड्यावर तारखेची पाटी. बाहेरची चप्पल फाटकाशी काढून शेतातले बूट घालायचे, हा त्यांचा दंडक. काठवाल्यांनाही त्यांनी सांगून पाहिलं. “साहेब, बूट बदलता का? ठेवलेत तिथे.” काठवाल्यांना तो अपमान वाटला. “बाई, मी अठरा वर्षं हेच करतोय,” म्हणत ते ओल्या पँटनिशी घेवड्यात शिरले. एक फेरी काठानं, एक मधल्या ओळीतून, मग विहिरीशी पाणी प्यायले, मग पानं. हा नर्सबाईंचा तिसऱ्या वर्षाचा, शेवटचा नमुना होता.

त्या दिवशी घरी आल्यावर पँट बायकोनं धुतली. मोरीचं पाणी मागच्या अंगणात जाई. तिथं जुन्या डब्यांतून तिनं टोमॅटोची चार रोपं लावली होती, आणि धुण्याचं शेवटचं पाणी ती त्यांना घाली. आठवड्याभरात रोपांची पानं पिळवटली.

“अहो, हे काय झालंय बघा ना.”

“रोग आहे. उपटून टाक,” खुर्चीतून न उठता काठवाले म्हणाले. शेतीखात्याच्या माणसाचं मत ते! बायकोनं रोपं मात्र उपटली नाहीत.

पाच आठवड्यांनी अहवाल आले. गॉगल नापास. काठवाल्यांनी अख्ख्या ऑफिसला चहा सांगितला, हे अठरा वर्षांत पहिल्यांदाच घडलं. शिपायाला म्हणाले, भिंतीवरचा तो फोटो उतरव. मग दुसरा कागद उलटला. नर्सबाई नापास. तेच तणनाशक.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गॉगलचं एक वेळ समजू शकत होतं, तो लबाडच. पण ही बाई! बूट बदला म्हणते, पाट्या लावते, आणि ओढ्यापलीकडच्या चोराकडूनच औषध आणून मारते? पोस्टानं जाणारी नोटीस त्यांनी हट्टानं स्वतःच्या खिशात घातली आणि थेट शेत गाठलं.

नर्सबाईंनी नोटीस उभ्यानंच वाचली. नंतर घडी घातली. “माझी तीन वर्षं गेली म्हणायची.”

“फवारण्याआधी विचार करायचा होता.”

“काय म्हणालात?”

“सगळे हेच विचारतात, बाई. यंत्र खोटं बोलत नाही.”

नर्सबाईंचा चेहरा लाल झाला. त्या ओरडल्या नाहीत. वॉर्डात आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांना त्या ज्या आवाजात गप्प करत असतील, त्याच आवाजात म्हणाल्या, “या माझ्याबरोबर. आणि आज बूट बदलूनच या. नाहीतर नोटीस घेऊन परत जा.”

काठवाल्यांनी बूट बदलले. का बदलले ते त्यांनाही कळलं नाही.

घेवडा हिरवागार होता, मांडीएवढा. मात्र काठाच्या ओळीशी त्यात एक पट्टा दिसत होता: खुरटलेला, पानं पिळवटलेली, शेंगा वेड्यावाकड्या. पट्टा एका माणसाच्या रुंदीचा होता. तो काठानं गेला होता, कोपऱ्यावर वळला होता, मधल्या ओळीतून परत आला होता. विहिरीशी जाऊन थांबला होता. फाटकाजवळ जास्त, पुढे पुढे कमी.

“शेजारून वाऱ्यानं आलं असेल,” काठवाले म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला.

“वारा फाटकातून आत येतो का, साहेब? कोपऱ्यावर वळतो? पाणी प्यायला विहिरीवर थांबतो?” नर्सबाई पट्ट्यातून त्यांच्यापुढे चालत होत्या. “मी फवारलं असतं तर अख्खं शेत वाकडं झालं असतं. तीस वर्षं मी वॉर्डात काढलीत. एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर कोण नेतं माहीत आहे? रुग्ण नाही नेत, तो बिचारा पडून असतो. राउंड घेणारे मोठे डॉक्टर नेतात. हात धुतात, पण कोटाची बाही तशीच असते. त्यांना सांगायला गेलं की म्हणतात, मी वीस वर्षं हेच करतोय.”

“तुम्ही सरकारी माणसावर आरोप करताय,” काठवाले कडाडले.

“करतेय.”

काठवाले तणतणत घरी आले. बाई उर्मट आहे, बाई कांगावा करतेय, बाईला कोर्टात खेचायला हवं, असं काय काय ते बायकोला सांगत होते. बायको भाजी निवडत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “पट्ट्यातली पानं कशी झालीत म्हणालात?”

“पिळवटलेली. वळकटी केल्यासारखी.”

ती उठली, मागच्या दारानं गेली आणि टोमॅटोचा एक डबा उचलून आणून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला.

काठवाल्यांनी त्या पानांकडे पाहिलं. पाच आठवडे ती रोपं त्यांच्या खुर्चीपासून दहा पावलांवर होती. अंगठ्याएवढी झालेली पानं, दोरीसारखी वळलेली. टोमॅटोला तणनाशक थेंबभर पुरतं, हे त्यांनी किती शेतकऱ्यांना शिकवलं होतं.

“यांना पाणी कसलं घालतेस?”

“धुण्याचं. तुमच्या पँटीचं.”

काठवाल्यांचा राग होताच, फक्त आता तो कुणावर काढायचा हेच समजेना. कात्री तीनदा धुतली होती! मोजे पदरचे घेतले होते! आणि पँट?

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. मॅडम त्यांच्या वरिष्ठ होत्या, वयानं त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी कागद वाचला, दार लोटून घेतलं.

“हा कागद परत घ्या.”

“का?”

“कारण नियम तुमचाच आहे. साहित्य दूषित, तर त्या दिवसाचे सगळे नमुने रद्द. म्हणजे गॉगलचाही. तीन वर्षं त्या माणसानं आपल्या डोळ्यांत धूळ फेकली, तुम्ही त्याला पकडलंत, आणि आता तुम्हीच सोडणार?”

“त्याच्या शेतात मी आधी गेलो होतो. तेव्हा पँट कोरडी होती.”

“नियमात ‘आधी’ आहे का? तुम्हीच म्हणालात ना तेव्हा, ‘सगळे म्हणजे सगळे’? त्याचा वकील उद्या हाच कागद नाचवेल.”

“मग बाईंचं काय?”

“त्यांना अर्ज करू दे. वाऱ्यानं आलं म्हणून. बघू आपण.”

“वाऱ्यानं नाही आलं! मी नेलं!” काठवाल्यांनी टेबलावर मूठ आपटली. पेनस्टँड आडवं झालं. बाहेर शिपायाचे कान टवकारले असणार. “आणि वाऱ्याच्या अर्जाचं काय होतं ते मला नका सांगू. अठरा वर्षांत एक मंजूर झालाय का? फवारणार शेजारी, काठाला मोकळी जागा सोडायची हिनं, अर्ज करायचा हिनं, आणि वारा कुठल्या दिशेनं होता याचा दाखलाही हिनंच आणायचा. अहो, कसला नियम हा? ज्यानं विष मारलं त्याला विचारणारं कोणी नाही, आणि जिच्या अंगावर उडालं तिला नोटीस!”

“हे तुम्हाला आज सुचतंय?” मॅडमनी विचारलं.

काठवाल्यांनी आडवं झालेलं पेनस्टँड उभं केलं. त्यांनी कागद परत घेतला नाही.

मग व्हायचं ते झालं. त्या दिवसाचे नमुने रद्द. काठवाल्यांची कात्री काढून घेऊन त्यांना आवक-जावक विभागात बसवलं. गॉगलकडे महिन्याभरानं दुसरा माणूस गेला, आधी फोन करून, चार पावलं आत जाऊन पानं तोडून आला. नमुना पास. शिपायानं तोच फोटो पुसून पुन्हा खिळ्याला टांगला, आणि काठवाल्यांचं नवं टेबल नेमकं त्याच्या समोर होतं. नर्सबाईंचा नापास शेरा पुसला गेला, मागची दोन वर्षं वाचली, पण त्यांच्याकडे नवा नमुना घ्यायला कोणी जाईपर्यंत यंदाची यादी बंद झाली होती. अनुदान एक वर्ष पुढे गेलं. चोराला मिळालं, तिला नाही. हे लिहितानासुद्धा हाताची मूठ वळते.

एका सुटीच्या दिवशी काठवाले हे सगळं सांगायला शेतावर गेले. फाटकाशी बूट न सांगता बदलले, घरून धुतलेली पँट घालून आले होते. आपण नोकरी पणाला लावली, निदान बाई बसा तरी म्हणतील, असं कुठंतरी मनात होतं. नर्सबाई बसा म्हणाल्या नाहीत.

“तो पट्टा उपटायचाय,” त्या म्हणाल्या. “मला एकटीला कंबर साथ देत नाही. तुम्हीच चालला होतात, तुम्हीच उपटा.”

काठवाले वाकले. एकेक झाड मुळासकट काढत, माती झटकत ते काठानं निघाले, कोपऱ्यावर वळले. आपली पावलं अशी मागून मोजायची वेळ माणसावर क्वचित येते. मधल्या ओळीत पोचेपर्यंत घामानं शर्ट चिकटला. नर्सबाई मागून झाडं गोळा करत होत्या.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “अठरा वर्षं तुम्ही असेच एका शेतातून दुसऱ्या शेतात गेलात?”

“हो.”

“पँट न बदलता?”

“हो.”

“मग मी पहिलीच कशी असेन?”

काठवाल्यांच्या हातातलं झाड हातातच राहिलं. टेबलाला धरून उभा असलेला एक म्हातारा त्यांना दिसला. माझ्या घरात पंपच नाही हो, साहेब. आणि तो किस्सा, चहाचा घोट, पाहुण्यांचं हसणं. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

“एक आजोबा होते,” ते म्हणाले. “सात वर्षांपूर्वी. त्या दिवशी मी आधी कुठल्या शेतात गेलो होतो ते वहीत असेल.”

“वही कशाला बघताय? मला माहीत आहे तुम्हाला काय सापडणार ते. तुम्हालाही माहीत आहे.” नर्सबाईंनी त्यांच्या हातातलं झाड काढून घेतलं. “उरलेलं मी उपटते. तुम्ही जा तिकडे.”

वही त्यांनी तरीही पाहिली. म्हाताऱ्याच्या नावाच्या वर, त्याच तारखेला, त्याच सकाळी, एका कापसाच्या शेताचं नाव होतं, आणि शेजारी त्यांच्याच सुबक अक्षरात शेरा: ‘ताजी फवारणी. पीक ओलं.’

म्हाताऱ्याचं शेत शोधायला फार वेळ लागला नाही. दुरूनच वास आला. अठरा वर्षांत हा वास आला की त्यांची छाती आनंदानं भरत असे. म्हातारा शेताच्या मधोमध होता, आणखी वाकलेला, नाकाला फडकं बांधलेलं. पाठीवर पंप होता.

काठवाले बांधावर थांबले. आत पाऊल टाकायची त्यांची हिंमत झाली नाही. सांगायचं सगळं त्यांनी बांधावरूनच सांगितलं, पँटीचं, टोमॅटोचं, वहीतल्या शेऱ्याचं, आणि मी चुकलो म्हणाले, आजोबा, तुम्ही खरं बोलत होता.

म्हाताऱ्यानं पंपाचा दांडा मारायचं थांबवलं होतं. ऐकून झाल्यावर त्यानं तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

“पंप त्याच वर्षी घेतला, साहेब,” तो म्हणाला. “म्हटलं, नाव खराब झालंच आहे तर निदान पीक तरी वाचवू.”

मग त्यानं फडकं पुन्हा नाकावर चढवलं. “मागं सरा. पँटीवर उडेल.”